पहिल्या फटक्यानंतर

खिळा केव्हाच बसला होता. हातोडी मात्र थांबत नव्हती. खुर्चीच्या चौकटीवर रेक्झिन ताणून ती कडेकडेने बारीक खिळे मारत होती. रोजचंच काम, डोळे मिटूनही झालं असतं असं. तोंडात मूठभर खिळे, जिभेच्या टोकाने एकेक ओठांशी आणायचा, बोटांनी घ्यायचा, दोन ठोक्यांत बसला की पुढचा. आणि मध्येच कुठेतरी हात तिला न विचारता चालू राहिला. रेक्झिन फाटलं, खालचा स्पंज चेपला, लाकूड पिचल्याचा आवाज आला, तरी हात वर जात होता आणि खाली येत होता. ते तिला बरं वाटत होतं, पाठीत आखडून बसलेलं काहीतरी एकेका ठोक्याने मोकळं होत असल्यासारखं. "अगं, बसला तो," पलीकडून मिस्त्री म्हणाले. मग जरा आवाज चढवून, "टाचणे, बसला खिळा." तेव्हा ती थांबली. मिस्त्रींनी खुर्ची उलटी करून पाहिली. चौकटीला आरपार तडा गेला होता. ते रागावले नाहीत. सोफे-खुर्च्यांच्या त्या लहानशा कारखान्यात लाकूड रोजच तडकायचं. ते एवढंच म्हणाले, "लहान पोर घरात आहे, झोप झाली नसेल. जा, पाणी पिऊन ये." तिने तोंडातले खिळे तळहातावर काढले. खिळ्यांना तिच्या लाळेबरोबर जरासं रक्त लागलं होतं. जीभ कधी चावली गेली, तिला कळलंही नव्हतं.

नळाखाली हात धरून ती उभी राहिली. पाणी कोमट होतं, उन्हाने तापलेल्या टाकीतलं. तिला वाटलं, आपण हात धुतोय ते खिळ्यांच्या तेलासाठी नाही. हाताला त्या दिवसाचा भार आठवत होता. मोठ्या हातोड्याचा, ज्याने ताडपत्रीच्या खुंट्या ठोकल्या होत्या. आणि त्या भारापाठोपाठ नेहमीसारखं ताईंचं बोलणं कानात सुरू झालं. "एकच फटका. मी सांगते ना तुम्हांला, एकाच फटक्यात आडवा केला तिने. आई होती म्हणून." ताई म्हणजे नवऱ्याची बहीण. शाळेत शिकवायच्या, त्यामुळे कुठलीही गोष्ट त्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा सांगायच्या. उन्हाळा सुरू झाल्यापासून घरात, गच्चीवर, बागेत, जिथे चार माणसं जमली तिथे त्यांनी ती गोष्ट सांगितली होती. दर वेळी कुत्रा थोडा मोठा व्हायचा आणि ती थोडी शूर. ऐकणारे तिच्याकडे वळून पाहायचे. कुणीतरी वाघीण म्हणायचं. आणि कोपऱ्यात बसलेले भाऊजी कपातल्या चहाकडे बघत राहायचे, कपात काहीतरी पडलंय आणि ते काढावं की नको हे ठरत नसल्यासारखे.

कुत्रा भाऊजींचा होता. भाऊजी म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, शाळेची बस चालवणारा एकटा माणूस. आईवडील लवकर गेले तेव्हा त्यांनीच या दोन भावंडांना वाढवलं, ताईंना शिकवलं, धाकट्याला चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या कामाला लावलं. त्या नादात स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. असं ते स्वतःच म्हणायचे, छत्री विसरल्याचं सांगावं तितक्या सहज. मग एका पावसाळ्यात बसखाली भिजत बसलेलं तपकिरी पिल्लू त्यांच्या मागे आलं ते आलंच. त्याचं नाव त्यांनी साहेब ठेवलं, कारण दिवसभर काही करायचं नाही आणि आपण आलो की सगळ्यांनी उठून जागा द्यावी अशी त्याची अपेक्षा असायची. ती लग्न होऊन आली तेव्हा साहेब म्हातारा झाला होता. पहिल्यांदा भाऊजींकडे गेली ती थेट कारखान्यातून. कॉलरला टाचण्या तशाच लटकत होत्या. भाऊजी म्हणाले, "ही तर टाचणी आली." तेव्हापासून घरी, कारखान्यात, सगळ्यांनी तेच धरलं. साहेब येऊन तिच्या पायावर हनुवटी टेकून झोपला होता. तो भारही तिला आठवत होता. गरम, ओलसर, विश्वासाचा.

त्या रविवारी सगळे तळ्यावर गेले होते, भाऊजींच्या जुन्या गाडीतून. बाळाची ती पहिलीच सहल. बाळ म्हणजे ढब्बू. हातापायांना इतक्या वळ्या की आंघोळीनंतर एकेक वळी उघडून पुसावी लागायची. मुलगी नुकती बसायला लागली होती, अजून अधूनमधून बाजूला कलंडायची. गाडी आणि झाड यांच्यामध्ये ताडपत्री बांधायची होती. भाऊजींनी खुंट्या आणि मोठा हातोडा काढला आणि तो तिच्याच हातात दिला. "सोफेवालीला ठोकू दे. आपण ठोकल्या तर ताडपत्री तळ्यापलीकडे सापडेल." ती हसली होती. ऊन कडक होतं. दगडासारखी जमीन. खुंटी आत जाताना मनगटापर्यंत झिणझिण्या येत होत्या. गेले कित्येक महिने ती सलग झोपली नव्हती. डोक्यात सतत कुणीतरी बारीक दळत असल्यासारखा आवाज होता, दूध, लंगोट, रडणं, पुन्हा दूध, आणि जे हातात घ्यावं ते अर्धवट राहत होतं. खुंटी मात्र पूर्ण आत जात होती. मागे चटईवर ढब्बू आणि तिच्या शेजारी लांब पसरलेला साहेब. तिने वळून पाहिलं तेव्हा ढब्बूने झोपलेल्या साहेबाचा ओठ मुठीत धरून ओढला होता आणि दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या डोळ्यात घातलं होतं. तिने हाक मारायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात साहेबाचं तोंड ढब्बूच्या कपाळावर मिटलं.

इथपर्यंत ताईंची गोष्ट खरी होती. पहिला फटकाही खरा होता. तो साहेबाच्या पाठीवर बसला, साहेबाने ढब्बूला सोडलं, ताईंनी पोरीला उचललं आणि भुवईवर ओढणी दाबून त्या रस्त्याकडच्या नळाकडे धावल्या. ताईंनी पाठ फिरवली ती तिथे. पुढचं त्यांनी पाहिलंच नव्हतं, म्हणून त्या खोटंही बोलत नव्हत्या. साहेब केकाटत गाडीखाली शिरला. आणि ती, जिचं लेकरू रक्तबंबाळ होऊन दुसऱ्याच्या हातात रडत होतं, ती लेकराकडे न जाता गाडीकडे गेली. गुडघ्यांवर बसली. मागचा पाय हाताला लागला, तो धरून तिने साहेबाला बाहेर ओढलं. त्याची नखं मातीत रेघा काढत आली. भाऊजी म्हणत होते, "अगं, सोडलं त्याने. सोडलं. पुरे." ते तिला ऐकू येत होतं. शब्द कळत होते. दुसरा फटका खांद्यावर, तिसरा मानेवर, मग मोजायचं काही राहिलं नाही. साहेबाने चावायचा प्रयत्नही केला नाही. त्याची शेपटी जमिनीवर आपटत होती, भाऊजी घरी आले की आपटायची तशी. नवऱ्याने मागून कवेत धरलं तर तिने कोपर मागे मारलं. काहीतरी कडक तुटल्यासारखं लागलं. ते त्याच्या तोंडात तुटलं होतं, पुढचा दात. तरी हात थांबला नाही. जेव्हा थांबला तेव्हा तो दमला होता म्हणून थांबला. आणि तिला हलकं वाटत होतं. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच डोक्यातलं दळण बंद होतं. तळ्यावरून वारा आला, घामावर गार लागला. तिला वाटलं, आता झोप येईल.

भाऊजींनी शर्ट काढून साहेबावर टाकला. मग हातोडा तिच्या हातातून, एकेक बोट सोडवत, काढून घेतला, तळ्याच्या पाण्यात धुतला, पुसला आणि पिशवीत जागच्या जागी ठेवला. "चला, पोरीला टाके पडतील," एवढंच बोलले आणि बनियनवर गाडी चालवत सगळ्यांना दवाखान्यात घेऊन गेले. ढब्बूच्या भुवईत टाके पडले. जखम बरी होईल, डोळा थोडक्यात वाचला, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दवाखान्यातल्या बाकावर नवरा तोंडाशी रुमाल धरून बसला होता. कुणीतरी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "धावताना पडलो." नंतर नवीन दात बसवला, पण तो किंचित जास्त पांढरा होता. हसला की तोच आधी दिसायचा. त्या संध्याकाळी भाऊजी एकटेच तळ्यावर परत गेले. फावडं घेऊन गेले होते, हे तिला ताईंकडून कळलं.

ती आपल्या आयुष्यात शोधत राहिली, हे कुठून आलं म्हणून. बसमध्ये, कारखान्यात, ढब्बूला मांडीवर घेऊन पंख्याखाली बसलेली असताना ती लहानपण उपसत राहायची, कपाटाचा खण जमिनीवर उलटा करून शोधावं तसं. घरात कुणी हात उगारत नव्हतं. वडिलांचा आवाज कधी चढला नाही. आई झुरळसुद्धा सुपलीत घेऊन बाहेर टाकायची. शाळेत मुली केस ओढून भांडायच्या तेव्हा ही दप्तर सांभाळत उभी. काहीच सापडत नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटायची. कुठे तरी मूळ सापडलं असतं तर उपटता आलं असतं. ढब्बू दूध पिताना वर बघायची. भुवईवरचा व्रण गुलाबी, आपल्याच शिलाईसारखा, थोडा घाईत घातलेला. ती मनात म्हणायची, तुझ्यासाठी केलं. आणि लगेच तिला धावत नळाकडे जाणाऱ्या ताईंची पाठ दिसायची, त्यांच्या खांद्यावरून लोंबणारा तो लहानसा हात, आणि तिला कळायचं की नाही, तिच्यासाठी नाही. तिच्याकडे तर मी पाहिलंही नव्हतं.

भाऊजी येत राहिले. दर रविवारी. येताना फळं आणायचे, ढब्बूला खांद्यावर बसवायचे, गाडीचा हॉर्न वाजवल्यासारखं तिचं नाक दाबायचे. तिच्याशी पूर्वीसारखंच बोलायचे, म्हणजे थोडं आणि चेष्टेने. साहेबाचं नाव नाही. ते ओरडले असते, दारात येऊन थुंकले असते, तर ती वाकून ऐकत राहिली असती. पण ते फळं आणायचे. हळूहळू तिच्या मनात एक गोष्ट घट्ट बसत गेली. हा माणूस वाट बघतोय. ज्याचं एवढं एकच होतं, ते आपण त्याच्या डोळ्यांदेखत ठेचलं, तो उगाच नाही दर रविवारी येत. ताईंच्या गच्चीवर सगळे जमले तेव्हा भाऊजी ढब्बूला कठड्याशी घेऊन गेले, खालची कबुतरं दाखवायला. त्यांनी पोरीला कठड्यावर उभं केलं, दोन्ही हातांनी काखेत धरून. हिच्या हातात सरबताचा तांब्या होता. तिने पोर खाली जाताना पाहिली, अगदी स्पष्ट, फ्रॉक फुगलेला. आणि त्याच क्षणी मनात तिने भाऊजींना मागून ढकलूनही दिलं होतं. त्यांच्या पायातली एक चप्पल गच्चीवर राहिलेली तिला दिसली. "टाचणे, सरबत सांडतंय," ताई म्हणाल्या. भाऊजी ढब्बूला घेऊन परत आले होते. दोन्ही चपला पायांत होत्या.

नंतर एकदा ते सगळे शहरातल्या बागेत गेले, कारंज्याजवळ, जिथे जरा गारवा असतो. भाऊजी कलिंगड कापत होते. लाल भागाचा एक बारीक तुकडा त्यांनी सुरीच्या टोकावर घेतला आणि ढब्बूच्या तोंडापुढे धरला. ढब्बूने आ केला. हिने पुढे होऊन सुरी धरली, पात्यालाच. "द्या इकडे," ती शांतपणे म्हणाली. तळहात चिरला. कलिंगडाचं पाणी आणि रक्त एकाच रंगाचं दिसत होतं, त्यामुळे थोडा वेळ कुणाच्या लक्षातच आलं नाही. नवऱ्याने रुमाल बांधला. तो बांधताना तिच्याकडे पाहत नव्हता, गाठीकडे पाहत होता. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणारा माणूस, पण हल्ली तो तिच्या चेहऱ्याकडे पाहताना डोळे बारीक करायचा. घरी आल्यावर म्हणाला, "दादा सुरी तिच्या तोंडात घालत नव्हता. धार आतल्या बाजूला होती, त्याच्याकडे." ती म्हणाली, "मला दिसलं नाही." तो म्हणाला, "हं." आणि ढब्बूला घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. त्याने दार लावलं नाही, लोटून घेतलं. पूर्वी ते उघडं असायचं.

म्हणून भाऊजी म्हणाले, "पाण्यावर जाऊ या. त्या वेळी पोरीला पाणी दाखवायचं राहून गेलं," तेव्हा तिला आश्चर्य वाटलं नाही. ती मनात म्हणाली, आता आलं. नवरा म्हणाला, "तिकडेच कशाला?" भाऊजी म्हणाले, "तिकडे नाही जायचं तर मग कुठेच जायला नको." ताईंनी पाव, उकडलेली अंडी आणि काकड्या बांधून घेतल्या. गाडीत ताई आणि नवरा यांच्या मध्ये ढब्बू उभी राहून सगळ्यांचे केस ओढत होती. हिने पिशवी तपासली होती. हातोडा नव्हता. ताडपत्रीही नव्हती. भाऊजींनी आधीच काढून ठेवली असणार. तळं त्याच जागी, पाणी थोडं मागे हटलेलं, काठाला वाळलेल्या चिखलाच्या खपल्या. झाडापलीकडे जमिनीचा एक तुकडा बाकीच्यापेक्षा जरा उंच होता आणि त्यावर दगड रचले होते. भाऊजी तिकडे गेले, दोन मिनिटं पाठमोरे उभे राहिले आणि परत येऊन पॅन्टचे पाय दुमडू लागले. "दे गं तिला," ते म्हणाले. ढब्बूने आधीच हात पसरले होते. हिच्या कडेवरून ती त्यांच्याकडे झेपावली, आणि हिचे हात रिकामे झाले.

भाऊजी पाण्यात उतरले. आधी घोट्यापर्यंत. ढब्बूचे पाय पाण्याला लागले तशी ती किंचाळून हसली, पाय वर घेतले, परत खाली सोडले. मग गुडघ्यापर्यंत. नवरा आणि ताई झाडाखाली अंडी सोलत होते. ताई शाळेतल्या कुणाची तरी नक्कल करत होत्या. ही काठावर उभी. भाऊजींची पाठ रुंद, शर्ट खांद्याला चिकटलेला, मानेवर पिकलेले केस. ते बस चालवताना तिने त्यांना असंच मागून पाहिलं होतं, चाळीस पोरं मागे दंगा करत असताना न हलणारी मान. आता पाणी मांड्यांपर्यंत आलं. कमरेपर्यंत. "भाऊजी, बास," ती म्हणाली. ते पुढे गेले. "भाऊजी, पुरे." त्यांनी वळून पाहिलं नाही. ऐकू गेलं नसेल, वारा उलटा होता. किंवा गेलं असेल. शब्द ऐकू येतात, कळतात आणि तरी माणूस थांबत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं. पाणी त्यांच्या छातीशी आलं आणि ढब्बूचं हसणं लांबून येऊ लागलं, बारीक. तिच्या डोक्यातलं दळण वाढत वाढत एका टोकाला गेलं आणि अचानक थांबलं. सगळं शांत झालं. ती शांतता तिने ओळखली, आणि तिला तीच हवी होती.

ती कपड्यांनिशी पाण्यात शिरली. पोहोचली तेव्हा तिने हाक मारली नाही. मागून दोन्ही हात त्यांच्या गळ्याभोवती टाकले, बोटं आत रुतवली आणि सगळा भार देऊन खाली दाबलं. भाऊजींचे पाय सुटले. ते खाली गेले. ती त्यांच्या पाठीवर गुडघे रोवून दाबत राहिली. तिच्या तळव्याखाली त्यांच्या गळ्याचं हाड वरखाली होत होतं. पाण्याचे बुडबुडे तिच्या पोटाला लागत होते. आपण कुणाला सोडवायला आलो होतो, ते तिला आठवलं नाही. आणि मग तिच्या अगदी तोंडासमोर, पाण्याच्या वर, तिला ढब्बू दिसली. कोरडी. दोन हातांनी उंच धरलेली. भाऊजींचे हात कोपरांपर्यंत पाण्याबाहेर होते, सरळ, ताठ, खांबांसारखे, आणि त्यांच्या टोकाला ढब्बू पाय हलवत हसत होती. तिला हा खेळ वाटत होता. त्या हातांनी हिला एकदाही ढकललं नव्हतं. गळा सोडवायला ते खाली आले नव्हते. बुडबुडे कमी होत चालले तरी हात खाली येत नव्हते. ती त्या हातांकडे बघत राहिली. आणि बघत असताना तिची बोटं अजून दाबतच होती.

नवऱ्याने ढब्बूला घेतलं. तो कधी पाण्यात आला तिला कळलं नाही. त्याने त्या दोन हातांमधून पोर काढून घेतली, तेव्हा कुठे ते हात पाण्यात पडले. मग त्याने एका हाताने हिच्या तोंडावर मारलं. त्याने तिला कधी मारलं नव्हतं. फटका नीट बसलाही नाही, अर्धा कानावर गेला, पण तिची बोटं सुटली. भाऊजी वर आले. चेहरा निळसर, तोंड उघडं. बराच वेळ श्वास आत जात नव्हता. मग गेला, फाटल्यासारखा आवाज करत. नवरा पोरीला घेऊन काठाकडे निघाला, हिच्याकडे वळला नाही. ही आणि भाऊजी छातीभर पाण्यात समोरासमोर राहिले. ते ओकले. तोंड धुतलं. मग हिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता. पण ते पाण्यातून हळूहळू काठाकडे चालू लागले, आणि थोडं पुढे जाऊन थांबले, मागे वळून, ती येतेय की नाही ते बघायला.

काठावर ताई टॉवेल घेऊन उभ्या होत्या. हातात अर्धवट सोललेलं अंडं तसंच. "काय झालं रे? पाय घसरला का?" भाऊजी म्हणाले, "हो. चिखल आहे खाली." आवाज घोगरा, ओळखू न येणारा. "नाही घसरला," नवरा म्हणाला. तो ढब्बूला छातीशी धरून लांब उभा होता. "ताई, त्याचा पाय घसरला नाही. त्याच्या गळ्याकडे बघ. आणि त्या दिवशी मीही पडलो नव्हतो. आणि एकच फटका नव्हता." ताईंनी भाऊजींच्या गळ्याकडे पाहिलं. मग हिच्याकडे. हिला वाटलं होतं, कधीतरी हे कुणी मोठ्याने बोललं तर जमीन फाटेल. काही झालं नाही. ऊन तसंच होतं. ताईंनी टॉवेल भाऊजींना दिला. दुसरा टॉवेल त्यांच्या खांद्यावर होता, तो तिथेच राहिला.

परत निघताना भाऊजीच गाडी चालवायला बसले. नवरा म्हणाला, "मी चालवतो." ते म्हणाले, "तू पोरीला सांभाळ." मागच्या सीटवर नवरा, ढब्बू आणि ताई बसले, आणि उरलेली जागा पुढची. ती तिथे बसली. दोघांच्या ओल्या कपड्यांचं पाणी सीटमध्ये मुरत होतं. ती जुनी सीट तिनेच कधीतरी नवीन कापड घालून दिली होती. शहर अजून लांब होतं. मग ढब्बूला भूक लागली. आधी कुरकुर, मग रडणं, मग ते रडणं जे तिच्या छातीत थेट लागायचं. ओल्या कपड्यांत तिला गरम दूध पाझरलेलं जाणवलं. ताईंनी पाण्याची बाटली दिली, काकडी दिली, ढब्बूने सगळं भिरकावलं. नवरा थोपटत राहिला. "गप. गप. आलंच घर." ही समोर बघत होती. मागे हात पसरायचं तिला धाडस नव्हतं. ढब्बूचा आवाज बसत चालला तशी भाऊजींनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं आणि न वळता म्हणाले, "तिला दे."

"दादा, तिने आत्ता तुला..."

"मला माहीत आहे तिने काय केलं. मी होतो तिथे." त्यांना बोलताना त्रास होत होता, मध्ये थांबून गिळावं लागत होतं. "दोन्ही वेळा होतो. पोर भुकेली आहे. दे."

नवऱ्याने दोन सीटांमधून ढब्बूला पुढे केलं. सोडताना त्याचे हात एक क्षण मागे राहिले. भाऊजी खाली उतरले, दार हळू लावलं आणि रस्त्याच्या कडेला, गाडीकडे पाठ करून उभे राहिले. वाहनं जात होती तशी त्यांची ओली पॅन्ट फडफडत होती. तिच्या बोटांच्या खुणा मानेच्या दोन्ही बाजूंना उठल्या होत्या, लाल, वेगवेगळ्या मोजता येतील अशा. तिने पदर ओढून घेतला. ढब्बू अधाशासारखी प्यायला लागली. हुंदके देत, घोट घेत, मध्येच श्वास विसरत. मागे ताई खिडकीबाहेर बघत होत्या. नवरा मात्र तिच्या खांद्यावरून सरळ बघत होता. तो श्वास रोखून बसलाय हे तिला न वळता कळत होतं. ढब्बूला वरचे दोन दात नुकते आले होते. रडून चिडलेली होती. तिने दूध पिता पिता करकचून चावा घेतला.

कळ डोळ्यांपर्यंत गेली. आणि तिचा उजवा हात वर गेला. ती पाहत होती. हात तिच्या मांडीवरून उठला, खांद्याच्या उंचीला आला आणि तिथे राहिला, पंजा उघडा. मागे नवरा पुढे झुकल्याचा आवाज झाला. ढब्बू पीत होती, डोळे मिटून. खाली तिची भुवई, व्रण, कानाची ओली पाळी. तिला ठाऊक नव्हतं की हा हात आता कुठे जाईल. खरंच ठाऊक नव्हतं. डावा हात ढब्बूखाली अडकलेला. तिने कसाबसा तो उजवा हात ढब्बूवरून आडवा नेला आणि उघड्या खिडकीतून बाहेर काढला, कोपरापर्यंत. बाहेर तापलेला पत्रा होता, वारा होता. तिने हात तिथे लोंबकळत ठेवला. ढब्बूने दुसऱ्यांदा चावलं. खिडकीबाहेर बोटं मिटली आणि उघडली.

भाऊजींनी मध्येच वळून पाहिलं आणि त्यांना वाटलं, ती बोलावतेय. ते गाडीला वळसा घालून आले. आत न बघता, खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, "काय हवंय?"

"काही नको," ती म्हणाली. "तिचं पिऊन होईपर्यंत हा हात बाहेरच राहू दे."

ते त्या हाताकडे बघत राहिले. एक ट्रक गेला, धूळ उडाली. मग त्यांनी तिचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी, घट्ट, दुखेल इतकं घट्ट. आणि तसंच धरून, रस्त्याकडे तोंड करून ते उभे राहिले. तिने हात सोडवून घेतला नाही. ढब्बूचे घोट हळूहळू लांब होत गेले.